किल्ला मोडतो, चित्रं राहतात : दिवाळीतल्या किल्ल्याचा इतिहास कसा शोधायचा?

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय केवढा घ्यावा?" प्रश्नामागे एक भीती असते. विषय लहान घेतला तर मुलाखतीत हसतील, 'यात संशोधन करण्यासारखं काय आहे?' म्हणतील. म्हणून मग 'मराठ्यांची युद्धनीती : एक चिकित्सक अभ्यास' असं काहीतरी अवाढव्य शीर्षक घेऊन आपण गाईडसमोर उभे राहतो. आज उलट्या बाजूने जाऊ. अंगणातला मातीचा ढीग हा विषय घेऊ. दिवाळीत मुलं जो किल्ला करतात, त्याचा इतिहास लिहायचा म्हटलं तर नेमकं काय काय करावं लागेल, ते सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरतं बघू.

सुरुवातीलाच एक अडचण सांगून ठेवतो. ही वस्तू मोडण्यासाठीच केली जाते. तुळशीच्या लग्नापर्यंत कशीबशी टिकते. काही ठिकाणी तर शेवटी सुतळी बॉम्ब लावून पोरंच ती उडवून देतात. दरवर्षी नष्ट होणाऱ्या वस्तूचा इतिहास कुठल्या कागदावरून लिहायचा? हा प्रश्न सोडवता आला, तर पुढे कुठल्याही विषयात उपयोगी पडेल अशी एक पद्धत हाताला लागते.

आधी वस्तू नीट बघा

सहामाही परीक्षा संपली की कामाला सुरुवात होते. दगड, विटांचे तुकडे, फुटकी कौलं रचून उंचवटा करायचा. त्यावर पोतं टाकायचं आणि चिखल लिंपायचा. मग बालेकिल्ला, माची, बुरूज, तट, पायऱ्या, दरवाजा. खाली विहीर किंवा तळं. तळ्यासाठी कुणी आरसा पुरतं, कुणी पत्र्याचा डबा. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची. चार-पाच दिवस आधी पेरलं तर लक्ष्मीपूजनाला रान हिरवं दिसतं. मातीची निवड हाही अनुभवाचा भाग असतो. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की तडकते. नुसती तीच थापली तर दुसऱ्या दिवशी तटाला भेगा. म्हणून कुठून तरी घमेलंभर तांबडी माती आणायची खटपट चालते.

हे सगळं झालं की येतात 'चित्रं'. चित्रं म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती. कुणी सरसकट 'मावळे'च म्हणतं. सिंहासनावरचे महाराज, भाला घेतलेला मावळा, तोफ, तुतारीवाला, हे तर हवेतच. त्यांच्या जोडीला गवळण, शेतकरी, वासुदेव, पैलवान, वाघ आणि बंदूकवाला जवानही असतो.

इथे थांबून एक गोष्ट टिपून ठेवा. किल्ल्याची माती दरवर्षी नवी असते, चित्रं मात्र जुनी. दिवाळी संपली की ती कागदात गुंडाळून डब्यात, डबा माळ्यावर. पुढच्या वर्षी दोन नवी घ्यायची, एखाद्याचा हात तुटलेला असतो तो चिकटवायचा. म्हणजे या वस्तूचे दोन भाग आहेत, एक मरणारा आणि एक उरणारा. इतिहासकाराने उरणाऱ्या भागाकडे आधी जायचं.

'कधीपासून?' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा

'ही प्रथा कधी सुरू झाली?' असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे : "महाराजांच्या काळापासून." मुलांना लहानपणापासून गडांची माहिती व्हावी म्हणून, असं कारणही सोबत मिळतं. आजोबा हे सांगतात तेव्हा त्यांना खोडून काढायला जाऊ नका. पण वहीत उतरवताना ते सतराव्या शतकाचा पुरावा म्हणूनही उतरवू नका. ते विधान आजोबांच्या काळाचा पुरावा आहे. त्यांच्या पिढीला हा खेळ स्वराज्याशी जोडून सांगावासा वाटतो, ही त्यातली पक्की माहिती. तीही मोलाची आहे.

उगमाचा प्रश्न मोहात पाडतो, कारण त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. संशोधनाला त्याहून उपयोगी प्रश्न असा : या किल्ल्यावरचा एकेक तुकडा 'कधीच्या आधीचा असू शकत नाही'? पुरातत्त्वात हा नियम रोजचा आहे. जमिनीच्या थराखाली अमुक राजाचं नाणं सापडलं, तर ती जमीन त्या नाण्याच्या आधी घातलेली नाही. बस, एवढंच. ती किती नंतरची आहे ते नाणं सांगत नाही, पण त्याआधीची नाही ही मर्यादा ठामपणे सांगतं.

हाच नियम चित्रांना लावू. अशोकचक्राचा तिरंगा हातात घेतलेला जवान डब्यात निघाला. तो झेंडा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. म्हणजे हे चित्र त्याआधीचं नाही, मग घरातले "पणजोबांच्या वेळचं आहे" असं कितीही सांगोत. तळ्यात कारंजं उडवायला सलाईनची नळी वापरलीय? मग हे कारंजं गावापर्यंत दवाखाना पोचल्यानंतरचं. असा एकेक तुकडा घेत गेलात की एकच मोठी 'प्राचीन परंपरा' दिसायच्या ऐवजी वेगवेगळ्या वयांचे थर दिसायला लागतात.

एका ढिगावर तीन काळ

आता साताऱ्याकडचा सगळ्यात आवडता किल्ला घेऊ, प्रतापगड. खरा प्रतापगड १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. मुलांच्या किल्ल्यावर पायथ्याला शामियाना असतो, तो या प्रसंगाचा. वर बालेकिल्ल्यात महाराज सिंहासनावर बसलेले असतात. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी आणि तोही रायगडावर. कुणी जास्त हौशी असेल तर माथ्यावर घोड्यावरचा पुतळाही ठेवतो. प्रतापगडावरच्या त्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंनी केलं, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी.

म्हणजे एकाच ढिगावर १६५९, १६७४ आणि १९५७ शेजारी शेजारी नांदतात. परीक्षक म्हणून बघितलंत तर म्हणाल, 'चुका आहेत.' संशोधक म्हणून बघितलंत तर प्रश्न पडेल की हे एकत्र आलं कुठून. मुलाने शामियाना चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून घेतला. सिंहासन कुंभाराच्या साच्यातून आलं. पुतळा त्याने शाळेच्या सहलीत बघितला. तीन काळांमागे तीन वाटा आहेत : पाठ्यपुस्तक, बाजार आणि प्रवास. त्या प्रत्येक वाटेचा स्वतःचा इतिहास आहे आणि त्याला तारखा आहेत. बालभारतीची स्थापना १९६७ ची. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक अभ्यासलेल्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर प्रसंगांचा एक ठरलेला क्रम असतो. त्याआधीच्या पिढीतल्या माणसाला "तुम्ही किल्ल्यावर कुठला प्रसंग मांडायचा?" असं विचारून बघा आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवा.

आणखी मागे गेलात तर शिवरायांची सार्वजनिक आठवणच कशी घडत गेली, तिथे पोचाल. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे असलेल्या घराण्यातल्या जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला. १८९६ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला. पुण्यातला कर्मरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा १९२८ चा. या सगळ्यांचे शिवराय एकसारखे नव्हते. किल्ल्यावरचं चित्र यांतल्या कुठल्या प्रतिमेच्या जवळ जातं, हा तुमचा प्रश्न.

चित्रांची उंची मोजा

चित्रं साच्यातून निघतात. दोन तुकड्यांच्या साच्यात माती दाबायची, साचा उघडायचा, वाळवायचं, कुठे भाजायचं, मग रंग. मूर्ती हातात घेऊन कडेने बोट फिरवलंत तर दोन्ही तुकड्यांच्या जोडाची रेघ लागते. साचा जुना झाला की झिजतो. नाक-डोळे बोथट निघायला लागतात. तेव्हा एकाच साच्यातल्या दोन मूर्तींपैकी धारदार चेहऱ्याची आधीची आणि पुसट चेहऱ्याची नंतरची, असा क्रम लावता येतो.

याहून भारी युक्ती उंचीत आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते. समजा एका कुंभाराने दुसऱ्याकडची तयार मूर्ती घेतली आणि तिच्यावरून नवा साचा केला. त्या साच्यातून निघालेली मूर्ती मूळ मूर्तीपेक्षा लहान होणार. पुन्हा त्या मूर्तीवरून साचा केला तर आणखी लहान. आकसण्याचं प्रमाण दर वेळी दहावा हिस्सा धरलं, तर दहा सेंटिमीटरचे महाराज पुढच्या पिढीत नऊ होतात आणि त्यापुढच्या पिढीत आठाच्या जरा वर. प्राचीन मातीच्या दिव्यांचा आणि मूर्तींचा अभ्यास करणारे हेच माप लावून कुणी कुणाची नक्कल केली ते ओळखतात. तुम्ही कराड, सातारा, इस्लामपूर, सांगली, मिरज इथल्या घरांतली एकाच ठेवणीची चित्रं मोजलीत, तर साचा कुठून कुठे गेला याचा माग लागू शकतो. हा पुरावा कुठल्याही दफ्तरात नाही. तो माळ्यावरच्या डब्यात आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिसची चित्रं वेगळी नोंदवा. प्लास्टर मातीसारखं आकसत नाही, त्यामुळे वरचं गणित त्याला लागू होत नाही. ते आत पांढरं आणि हातात हलकं असतं. रंगाचा टवका उडाला असेल तिथे लगेच कळतं. आणि टवका उडालेली जागा दिसली की भिंगातून बघा. मुलं दर दिवाळीला चित्रं पुन्हा रंगवतात. एकावर एक चढलेले रंगाचे थर म्हणजे त्या घराच्या दिवाळ्याच.

लेगो, पॅरिस आणि आपलं अंगण

तुलनेसाठी दोन परदेशी वस्तू घेऊ. पहिली लेगो. आता फ्लॅटमधल्या मुलांना अंगण नाही, तेव्हा ठोकळ्यांचा किल्ला आणि त्यावर प्लास्टिकची माणसं हा प्रकारही आपल्याकडे दिसतो. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीने ठोकळा एकमेकांत घट्ट बसण्याच्या रचनेसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटचा अर्ज केला. हातपाय हलणारं, पिवळ्या चेहऱ्याचं छोटं माणूस १९७८ मध्ये आलं. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. कुठला तुकडा कुठल्या वर्षीचा, हे कंपनीच्या आणि हौशी संग्राहकांच्या याद्यांत सापडतं. लेगोचा देखावा मोडला तरी त्याचे सगळे तुकडे उरतात. आपल्या किल्ल्याची माती परत मातीत जाते आणि उरलेल्या चित्रांची यादी कुणी केलेली नाही. ती यादी करणं हेच इथे संशोधकाचं काम.

दुसरी वस्तू किल्ल्यांचीच आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात, १६६८ पासून, लूव्हवा या मंत्र्याच्या सांगण्यावरून राज्यातल्या तटबंदीच्या शहरांच्या लाकूड-कागदाच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. प्रमाण बहुधा सहाशेला एक. हा काळ पुरंदरच्या तहानंतरचा. १६६५ च्या त्या तहात २३ किल्ले गेले होते आणि महाराज ते परत घ्यायच्या तयारीत होते. फ्रान्समधल्या त्या प्रतिकृती लष्कराच्या कामासाठी होत्या. सर्वांना बघायला खुल्या नव्हत्या, जपून ठेवायच्या होत्या. म्हणून आज पॅरिसच्या संग्रहालयात त्या बघायला मिळतात. राज्याने केलेली वस्तू राज्याने सांभाळली. पोरांनी केलेली वस्तू कोण सांभाळणार? कुठली वस्तू दफ्तरात पोचते आणि कुठली पोचत नाही, हे तिच्या महत्त्वावर कमी आणि ती कुणाच्या हातची आहे यावर जास्त ठरतं. विषय 'लहान' वाटण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं.

सांगलीचा एक प्रश्न

साताऱ्यातल्या मुलाला घरातून बाहेर पडलं की अजिंक्यतारा दिसतो. सपाट माथा, खाली उभा कडा, मग उतार. त्याने डोंगरी किल्ला केला तर नवल नाही. सांगली शहर मात्र नदीकाठच्या सपाटीवर आहे. तिथला स्वतःचा किल्ला म्हणजे गणेशदुर्ग, खंदकाचा भुईकोट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेतून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली, त्या काळातला. तरीही सांगलीतल्या अंगणात बहुतेक वेळा उभा राहतो तो डोंगरी किल्ला. मच्छिंद्रगड, भूपाळगड हे डोंगरी किल्ले जिल्ह्यात आहेत खरे, पण मुलाच्या तोंडी नाव येतं रायगड, प्रतापगड, सिंहगड.

डोळ्यांसमोरचा किल्ला सोडून न बघितलेला किल्ला का केला जातो? मला यात एक सूत्र दिसतं. किल्ला जागेवरून येत नाही, गोष्टीवरून येतो. ज्या किल्ल्याला सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे तो केला जातो. गणेशदुर्गाची गोष्ट संस्थानाची आहे, स्वराज्याची नाही, म्हणून तो मागे पडतो. हे गृहीतक आहे. तुम्ही ते तपासू शकता आणि खोटंही ठरवू शकता. सिनॉप्सिसमध्ये 'गृहीतके' या मथळ्याखाली काय लिहायचं, असं विचारता ना? असं काहीतरी लिहा, जे चुकीचं निघू शकेल.

देखावा म्हणजे निवड

कुठली गोष्ट मांडायची ही निवड आहे, आणि निवडीला परिणाम असतात. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत अफझलखान वधाचं चित्र असलेल्या कमानीवरून तणाव झाला, दंगल उसळली आणि तिची झळ सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोचली. ती कमान मोठ्यांची होती, रस्त्यावर होती. अंगणातल्या मुलाचा किल्ला तिच्याशी जोडून त्याला दोषी ठरवणं अन्याय होईल. पण या भागात काम करताना हे माहीत नसल्यासारखं वागूही नका. एखाद्या गल्लीत शामियान्याचा प्रसंग गाजतो, शेजारच्या गल्लीत नुसता बाजारपेठेचा आणि शेतीचा देखावा असतो. दोन्ही नोंदवा. 'का' हे शांतपणे विचारा आणि ऐका.

तसंच किल्ला कुणाच्या अंगणात व्हायचा आणि माती कोण कालवायचं, हेही विचारा. पूर्वी रांगोळी मुलींची आणि किल्ला मुलांचा अशी वाटणी बऱ्याच घरांत असायची. तेव्हा आजीला वेगळं बसवून विचारा. बऱ्याचदा अळीव पेरायला, पाणी मारायला बहीणच असते आणि आठवण सांगताना भाऊ 'आम्ही' म्हणतो. त्या 'आम्ही'मध्ये कोण कोण आहे ते उलगडणं हा इतिहासच आहे.

कुठे शोधायचं?

पहिलं, जिल्ह्याची नावं सांभाळा. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जुन्या कागदांत 'सांगली जिल्हा' शोधत बसलात तर रिकाम्या हाताने याल. त्याआधी सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं. आटपाडी आज सांगलीत असली तरी तेव्हा औंधकडे होती.

दुसरं, मासिकं. पूर्वी किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' यांचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे अंक चाळा. मजकुराइतकंच जाहिरातींकडे आणि मुखपृष्ठांकडे लक्ष द्या.

तिसरं, कुंभारवाडे. गणपती, मग नवरात्र, मग पणत्या आणि चित्रं असं त्यांचं वर्ष चालतं. जाताना 'मुलाखत घ्यायला आलोय' म्हणू नका. दिवाळीच्या तोंडावर त्यांना मान वर करायला फुरसत नसते, डिसेंबरात जा. काका, मामा जी हाक तिथे चालते तीच घाला. जुना साचा ठेवलाय का, एवढंच आधी विचारा. साचा समोर आला की गोष्ट आपोआप सुरू होते.

चौथं, घरचे फोटो. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात, पण किल्ला मागे कोपऱ्यात असतो. फोटोच्या मागच्या बाजूला तारीख असेल तर तीही टिपा. मंडळांच्या किल्ला स्पर्धांची प्रमाणपत्रंही सोडू नका. स्पर्धा आली की गुण येतात, गुण आले की नियम येतात आणि मग 'हुबेहूब' किल्ल्याला भाव येतो. गवळण आणि वाघ तिथून हळूहळू खाली उतरतात का, ते बघण्यासारखं आहे.

या दिवाळीचं काम

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. सातारा जिल्ह्यातला प्रतापगड त्यात आहे. त्यामुळे अंगणातल्या किल्ल्यांची निवड बदलेल का? मुलं आता जिंजी किंवा साल्हेर करतील का? हा बदल होत असताना टिपायची संधी तुमच्या पिढीला आहे. दहा वर्षांनी कुणी हे विचारलं तर उत्तर द्यायला तेव्हा किल्ले उरलेले नसतील, फक्त तुमच्या नोंदी असतील.

म्हणून एवढं करा. आपल्या गल्लीतले दहा किल्ले निवडा. प्रत्येकाचा समोरून आणि वरून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. किल्ल्याचं नाव, माती कुठली, कुठला प्रसंग, कोणी कोणी केला, हे लिहा. मुलांचे फोटो काढायचे असतील तर घरच्यांना आधी विचारा. नावांऐवजी क्रमांक वापरा. मग घरात जाऊन चित्रांचा डबा मागा. प्रत्येक चित्राची उंची, माती की प्लास्टर, जोडाची रेघ, रंगाचे थर, कुठून आणि कधी घेतलं, एवढे पाच रकाने भरा. वहीचं पहिलं पान आजच आखून ठेवा. भाऊबीज झाली की पोरं सुतळी बॉम्ब शोधायला लागतात.